आबांचे दोन्ही हात

शेवंताबाईनं शाळेत जाऊन मशीनवर बोटं दिली आणि घरात पाऊल टाकताच ते सांगूनही टाकलं. लपवणं तिला कधी जमलं नव्हतं, आणि हे तर तिला लपवायचंही नव्हतं.

"मी दिऊन आलो," ती म्हणाली. पदरानं तोंड पुसलं, तांब्याभर पाणी प्याली आणि नवऱ्याच्या, आबांच्या खाटेसमोर जाऊन उभी राहिली. "नुसता अंगठा न्हवं, धाच्या धा बोटं. काय बोलायचं ते आत्ता बोला. दुपारी गावसभा हाय. थितं चारचौघांत माझ्यावर डोळं वटारू नगा."

आबा ओल्या फडक्यानं पाट्या पुसत होते. रोज संध्याकाळी वस्तीतली लहान पोरं विहारात त्यांच्याकडे अक्षरं गिरवायला यायची. सूतगिरणीतून निवृत्त झाल्यापासून आबांचं तेच काम होतं. हातातली पाटी त्यांनी पुरती पुसली, उन्हात तिरकी उभी केली आणि मगच वर पाहिलं.

"शाई कुटाय?"

"शाई लागत न्हाय. काच असती. बोट ठेवलं की हिरवा उजेड येतो."

"मंजे केलेलं दिसत बी न्हाय," आबा म्हणाले. "बरं हाय."

एवढंच बोलून ते पुढच्या पाटीला लागले. ते ओरडले असते तर शेवंताबाईनंही ओरडून घेतलं असतं. हे गप्प बसणं तिला जड गेलं.

कुरण्यांच्या घरातलं माणूस अंगठा उठवत नाही, हा नियम आबांनीच घातलेला. त्यांच्या वडिलांनी, संतूनं, ओढ्याकडच्या रानाच्या कागदावर अंगठा उठवला होता. रान वाट्यानं द्यायचा कागद आहे असं त्याला सांगितलं होतं. निघाला तो विक्रीचा. मग तरणे आबा रात्रीच्या शाळेत जाऊन सही शिकले, आणि धर्मांतराच्या साली त्यांनी घरात सांगून टाकलं की इथून पुढं या घरातलं माणूस एकतर सही करील, नाहीतर कागदाला शिवणार नाही. तेव्हापासून घरात येणारी सून माप ओलांडत नाही. उंबऱ्यावर पाटी धरतात, तिच्यावर आपलं नाव लिहून ती आत येते. मूल पहिल्यांदा आपलं पूर्ण नाव लिहितं त्या दिवशी वस्तीत पेढे वाटले जातात. शेवंताबाई धर्मांतराच्या आधीच लग्न होऊन आली होती, म्हणून तिला मागाहून शिकावं लागलं. चुलीपुढच्या राखेत आबांनी तिचा हात धरून अक्षरं काढून घेतली होती.

आतून त्यांचा मुलगा आण्णा दाढी अर्धवट टाकून बाहेर आला. गावच्या दूध संस्थेत तो कारकून होता.

"आईनं बरोबर केलं," तो म्हणाला. "आबा, आख्ख्या घराचं कार्ड एकच निघणार हाय. एक माणूस जरी राहिलं तर कार्ड न्हाय. कार्ड न्हाय तर रेशन न्हाय. आणि जितूचा बी इचार करा की. समद्या वस्तीची नोंद पुरी झाली तर कार्डाची कंपनी त्याला पन्हाळ्याच्या कामावर कायम करणार हाय. सरपंचांच्या हातापाया पडून मी ही नोकरी लावलीया त्याला."

जितू म्हणजे प्रसेनजीत, आण्णाचा थोरला मुलगा. कुटुंब कार्डाच्या त्या मशीनवर तोच बसत होता.

"मंजे माझ्या बोटावर त्याची नोकरी," आबा म्हणाले.

"तसं न्हाय..."

"तसंच हाय. नीट बोल की. मी काय रागावलोय का?"

संघप्रिया दारात बसून केस विंचरत होती. आण्णाची ही धाकटी मुलगी कोल्हापुरात वकिली शिकत होती आणि घरात कुठलाही विषय निघाला तरी तिला त्यातलं कलम आठवायचं. "आण्णा, सक्ती करायची तर कायदा लागतो. या कार्डासाठी अजून कायदाच नाही. मी आमच्या सरांना विचारलंय."

"तुझ्या सरांना रेशनच्या रांगेत उभं केलीस का कधी?"

"त्याचा काय संबंध?"

"संबंध हाय, संगे. तुझ्या जातीच्या दाखल्यापायी मी किती उंबरे झिजवले ठाऊक हाय का? पन्नास सालाच्या आधीचा पुरावा आणा, म्हणत्यात. पन्नास साली आपल्या घरात कागद कुठला? आबांचं एक नाव गिरणीत, एक तलाठ्याकडं, एक मतदार यादीत. आपण कोण हाय हे सांगाय आपल्याला कायम दुसऱ्याचा दाखला लागला. आता एकदा मशीनमधी नाव गेलं, की कुणापुढं टोपी काढाय नको."

"आणि ते मशीन कुणाच्या ताब्यात? नाव, फोटो, बोटं, सगळं पुण्याच्या कंपनीकडं. उद्या त्यांनी ते कुणाला दिलं तर जाब कुणाला विचारायचा?"

"माझी बोटं नेऊन ती कंपनी काय भाकरी थापणार हाय का?" शेवंताबाई म्हणाली.

संघप्रियाला हसू आवरलं नाही. आण्णाही हसला, गालावरचा फेस दोन बोटांनी निपटत. आबांच्या ओठांचा कोपरा तेवढा हलला. पण शेवंताबाईला हसवायचं नव्हतं. ती खाली बसली आणि पाय पसरून गुडघे चोळू लागली.

"मी का दिली, ते कुणी इचारलंच न्हाय," ती म्हणाली. "रांगेत माझ्या म्होरं सरपंच गणपतरावाची मालकीण हुती. तिनं काचंवर बोटं ठिवली, उचलली. तिच्यामागनं मी ठिवली. त्याच काचंवर. मधी कुणी पुसली न्हाय, पाणी शिंपडलं न्हाय. काच अजून ऊन हुती तिच्या हातानं. जिच्या सासूनं मला लांबनं ओंजळीत पाणी वतलं, ती बाई मागं वळून मला काय म्हणली म्हाईत हाय? म्हणली, शेवंताबाई, जोर लावून दाबा, माझं बी पयल्यांदा उठलं न्हाय. मशीनला काय कळतंय, हे कुठल्या घरातलं बोट हाय ते? असली एक गोष्ट मी जन्मात बघितली. म्हणून दिली."

आबांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"काचंला कळत न्हाय," आबा सावकाश म्हणाले. "काचंच्या मागं बसणाऱ्याला कळतं. आणि मला सही येती. सही येणाऱ्या माणसाकडं अंगठा मागायचा, मंजे त्यानं शिकलेलं पुसून टाकायचं. धाच्या धा बोटं माझी एकदाच घेतल्यात. भूमिहीनांच्या सत्याग्रहात कळंब्याच्या जेलात गेलतो तवा. कैदी म्हणून. आता मी काय गुन्हा केलाय?"

"तुमी मला लिवाय शिकवलं, ते मी मरूस्तवर इसरायची न्हाय," शेवंताबाई म्हणाली. "पर आण तुमी घेतलीती. मी न्हाय. माझं बोट माझं."

आबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली. "तुझं तुझं. माझं माझं."

*

शाळेच्या वर्गात प्रसेनजीत वायरी गुंडाळत होता. भारनियमनामुळे वीज दुपारनंतर जायची, म्हणून सभेच्या आत बॅटरी भरून घ्यायची घाई होती. बाहेर पटांगणात सतरंज्या पडल्या होत्या. वर व्हरांड्यात टेबल, टेबलावर हिरवी चादर, आणि चादरीवर वर्गातल्या प्रिंटरवर नुकत्याच छापलेल्या, आज वाटायच्या पहिल्या कार्डांचं पाकीट.

आज्जीची बोटं आजच सकाळी झालेली, त्यामुळे त्या पाकिटात लगेच आपल्या घराचंही कार्ड असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

आबा बोटं देणार नाहीत हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यानं त्यांना एकदाही विचारलं नाही. मशीनमध्ये एक खूण होती, ‘बोटे उपलब्ध नाहीत’. गुऱ्हाळात चरकाला ऊस लावताना हात गेलेली माणसं या भागात गावोगाव आहेत, त्यांच्यासाठी ती होती. ती खूण केली की मशीन बोटं मागत नाही, नुसता फोटो घेतं. प्रसेनजीतनं विहारात पोरांना शिकवत बसलेल्या आबांचा फोटो घेतला आणि ती खूण करून टाकली. खोटं केल्यासारखं त्याला वाटलं नाही. भांडणाऱ्या दोन माणसांच्या मधे उभं राहून दोघांनाही घरी पाठवावं, तसं वाटलं. आबांचा शब्द राहील, आज्जीला साखर मिळेल, आण्णा सरपंचांपुढं खाली मान घालणार नाहीत. कार्ड आलं की आपण ते गुपचूप फडताळात ठेवून देऊ.

"कुरणे, इकडे ये," सुपरवायझर म्हणाला. तो पुण्याहून आलेला माणूस, घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. "आज साहेबांच्या हस्ते वाटप. पहिलं कार्ड मी मुद्दाम निवडलंय. पेपरवाले येणार आहेत, त्यांना काहीतरी वेगळं पाहिजे." त्यानं पाकिटातून कार्ड काढून पुढं धरलं. "दोन्ही हात नसलेले ज्येष्ठ नागरिक. योजना कुणालाही सोडत नाही, असा मथळा येईल. तुझ्याच आडनावाचे आहेत. ओळखतोस का?"

कार्डावर कुटुंबप्रमुखाच्या जागी आबा हसत होते. कुठल्यातरी पोरानं नुकतंच आपलं नाव बरोबर लिहिलं असावं, तसे.

"सर, ते आजारी असतात."

"मग सभा झाल्यावर साहेबांना घेऊन त्यांच्या घरी जाऊ. ते तर आणखी चांगलं."

"नको, नको. येतील ते."

"कुणालातरी धरून आणायला सांग. पायरी उंच आहे."

प्रसेनजीत बाहेर धावला. वस्तीतली माणसं यायला लागली होती. फाटकाशी संघप्रिया दिसली, तिच्या हातात प्रश्न लिहिलेला कागद होता. त्यानं तिला वडाच्या आडोशाला ओढलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

"आबांचे हात काढलेस तू?" तिला आधी हसू फुटलं. मग त्याचा चेहरा पाहून तिचं हसू गेलं. "दादा, तुला अक्कल हाय का?"

"नोंदीतच काढलेत."

"नोंदीसाठीच तर हे सगळं चाललंय. जा, आधी त्यांना सांग. आत्ता."

"कसं सांगू?"

"तोंडानं सांग."

तो वळला. पण आबा पोरांच्या घोळक्यातून येऊन पुरुषांच्या पुढच्या रांगेत बसलेही होते, आणि फाटकातून साहेबांची जीप आत येत होती.

*

सरपंच गणपतरावांनी बोलायला सुरुवात केली. त्यांचा आवाज मोठा, माईक नसता तरी चाललं असतं. गाव पुरं झालं, शेवटची वस्तीही आज पुरी होतेय, तालुक्यात आपण पहिले, असं ते सांगत होते. साहेब तहसील कचेरीतले, चष्मा पुसत बसलेले. त्यांनी उठून चांगलं, सोपं भाषण केलं. खोटी नावं जातील, खऱ्या माणसाला त्याचा वाटा मिळेल, दुकानदाराला लबाडी करता येणार नाही. संघप्रिया ऐकत होती. त्यातलं काहीच वाईट नव्हतं, याचाच तिला राग येत होता.

"आणि ही योजना कुणालाही सोडत नाही," साहेब म्हणाले. "ज्यांचे दोन्ही हात दुर्दैवानं गेलेत, अशा आपल्या गावच्या ज्येष्ठ नागरिकांना आजचं पहिलं कार्ड. श्री. जोतीराम संतू कुरणे!"

गणपतरावांनी साहेबांकडे पाहिलं, मग आबांकडे. बायकांच्या बाजूला शेवंताबाईनं पदर तोंडाशी नेला.

आबा उठले. आपलं नाव पुकारलं तर उठायचं असतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ते पायरी चढून वर गेले, साहेबांसमोर उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

"जयभीम."

साहेबांनी त्या हातांकडे पाहिलं. कार्डाकडे पाहिलं. पुन्हा हातांकडे.

"आपण त्यांचे नातेवाईक का?"

"न्हाय. मीच."

"साहेब, हात उगवलं बघा!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळी शाळा हसली. पोरं तर लोळायला लागली. रोज ज्या हातांनी त्यांना गिरवायला लावलं, ते हात नाहीत म्हणे!

आबांनी मात्र हसणाऱ्यांकडे पाहिलं नाही. ते कार्डावरचा आपला फोटो निरखत होते. मागं विहाराची भिंत होती. हा फोटो कुणी काढला ते त्यांना आठवलं, आणि त्यांनी वर्गाच्या दाराकडे मान वळवली.

"ही नोंद कुणी केली?" साहेब म्हणाले. आवाज आता सोपा राहिला नव्हता.

"मी," प्रसेनजीत पुढं आला.

"सरकारी नोंद खोटी केलीस. याचा अर्थ कळतो? नोकरी जाईलच, वर तक्रारही होईल."

आण्णा ताडकन उठला आणि उभाच राहिला. गणपतराव साहेबांच्या कानाशी वाकले. मग ते आबांजवळ आले आणि हळू, जवळजवळ लाडानं बोलले.

"आबा, पोराचा जीव टांगणीला लागलाय. मशीन हितंच हाय. बोटं ठेवा, नोंद दुरुस्त हुईल, साहेब इसरून जातील. मी बोललोय त्यांच्यासंगं. एका मिंटाचं काम."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "आत्ताच्या आत्ता देत असतील, तर चूक समजून सोडून देऊ."

आबा व्हरांड्याच्या कडेला मशीन मांडलेल्या टेबलाकडे निघाले.

ते अंतर फार नव्हतं. पण चालताना त्यांना वाटलं, आपण आपल्या बापाच्या पायानं चालतोय. संतूलाही असंच कुणीतरी लाडानं सांगितलं असेल, एका मिनिटाचं काम आहे म्हणून. तो मूर्ख नव्हता. त्यालाही घरात पोर असेल, त्या पोराचं काहीतरी अडलं असेल. ते पोर मीच. इतकी वर्षं आपण त्याच्यावर मनातल्या मनात चिडलो, अडाणी म्हणालो, आणि आज आपण लिहिता-वाचता येणारे असून त्याच टेबलाशी आलोय. बोट म्हणजे शेवटी काय, कातडं. पोरगं त्याहून मोठं. त्यांनी बाही मागं सारली. काच थंड आणि स्वच्छ दिसत होती.

प्रसेनजीतचा तळहात काचेवर आला.

"न्हाय, आबा."

"हात काढ, जितू."

"न्हाय काढणार. चूक मी केली. ती तुमच्या बोटानं पुसायची न्हाय."

"लेका, जेलात घालतील."

"मग घालू द्यात. तुमी गेलताच की."

आबांचा हात तसाच अधांतरी राहिला. मग त्यांनी तो नातवाच्या हातावर ठेवला.

आता आण्णाला वाचा फुटली. "साहेब, मी ह्या कार्डाच्या बाजूनं हाय," तो म्हणाला. "घरात सकाळी मी भांडलोय ह्यापायी. पर तक्रार करणार असाल तर एवढंबी लिवा. माझ्या बापाला हात न्हाईत असं तुमी छापलंत, त्याच्या आधी तुमच्यातलं कोण आमच्या दारात बघाय आलतं का? पोरानं खूण केली. ती खरी धरली कुणी?"

सुपरवायझर खाली बघू लागला.

संघप्रियानं हातातला कागद घडी करून ठेवून दिला. त्यातले प्रश्न आता लांब वाटत होते. एकच पुरेसा होता. "साहेब, बोटं देणं सक्तीचं आहे का?"

"सक्ती नाही, ताई. हा उपक्रम आहे. लोकांच्या सहकार्यानं."

"सगळ्यांनी ऐकलं ना? सक्ती नाही. मग नाही म्हणणाऱ्या माणसाची नोंद मशीनमध्ये कुठं करायची? दादा, दाखव."

प्रसेनजीतनं लॅपटॉप सभेकडे वळवला. पुढच्या रांगा वाकल्या. "दोनच खुणा हायत," तो म्हणाला. "एक, बोटं हायत. दुसरी, बोटं न्हाईत. पहिली केली की मशीन बोटं मागतं, आणि दिल्याबिगर म्होरं जात न्हाय. हात असून न देणारा माणूस ह्यात बसतच न्हाय. म्हणून मी हात काढले."

"असा पर्याय नाही," साहेब म्हणाले. "तो वरून ठरतो."

"ह्यो रकाना माणसानंच आखलाय न्हवं?" आबांनी विचारलं. पोराला हिशेब समजावताना बोलायचे तसे ते बोलत होते, जरा थांबून थांबून. "मग आणखी एक आखाय सांगा. माणूस न्हाय म्हणला, असा. आणि न्हाय म्हणणाऱ्याचं रेशन थांबायचं न्हाय. मला सही येती, मी सही करून न्हेतो. ज्याला बोट द्यायचं हाय त्यानं बोट द्यावं."

गणपतराव सभेचा अंदाज घेऊ लागले. निवडणूक फार लांब नव्हती, आणि वस्तीची मतं एकगठ्ठा होती. "ठराव मांडायचा झाला तर अनुमोदन लागतं," ते सावधपणे म्हणाले.

"मी देतो अनुमोदन," शेवंताबाई बायकांतून उठली. "सकाळी मी बोटं दिऊन आलोय. खुशीनं. ह्यास्नी आवडलं न्हाय तरी दिली. आणि कुणी जबरदस्ती केली असती तर दिली नसती. आता ह्यांच्यावर जबरदस्ती करत असाल, तर माझी बी परत द्या. हायत का काढून देता येण्यासारखी?"

दिलेली बोटं खरंच काढून देता येण्यासारखी नव्हती.

"बाजूनं असतील त्यांनी हात वर करा," गणपतराव म्हणाले.

वस्तीचे हात एकदम वर गेले. मग माळावरच्या घरांतले काही, मग शेतात मजुरीला जाणाऱ्या बायकांचे. त्यांतल्या बऱ्याच जणींना मशीननं पुन्हापुन्हा बोटं द्यायला लावून परत पाठवलं होतं. गणपतरावांच्या मोठ्या आळीतले बरेच हात मांडीवरच राहिले. शेवंताबाईनं गणपतरावांच्या मालकिणीकडे पाहिलं. ती नवऱ्याकडे पाहत होती. तिचा हात वर आला नाही. शेवंताबाईनं नजर काढून घेतली, आणि आपला हात आणखी उंच केला.

"दोन्ही हात वर करू नका, आबा," हात मोजणारा ग्रामसेवक म्हणाला. "मत एकच असतं."

आबांनी खरंच दोन्ही हात वर केले होते. "एकच मोज," ते म्हणाले. "दुसरा नुसता दाखवाय हाय."

ठराव झाला. साहेबांनी तो घेतला, वर पाठवतो म्हणाले, पण वरचं मी सांगू शकत नाही, असंही म्हणाले. ते बोलणं प्रामाणिक होतं. आबांचं कार्ड त्यांनी पाकिटात परत टाकलं. प्रसेनजीतनं गळ्यातला कंपनीचा बिल्ला काढून सुपरवायझरच्या हातात दिला; तो मागेल याची वाट पाहिली नाही. तक्रार होणार की नाही, ते कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. आण्णा त्याच्या शेजारी येऊन वायरी गुंडाळू लागला.

"ऱ्हाऊ द्या आण्णा, आता माझं काम न्हाय ते."

"गप. अर्धं टाकून जायचं न्हाय."

जीप फाटकाशी आली तेव्हा कुरणे मंडळी रस्त्याच्या कडेनं घरी निघाली होती. आबा मधे, एका बाजूला संघप्रिया, दुसऱ्या बाजूला शेवंताबाई. ती सकाळपासून त्यांच्याशी नीट बोलली नव्हती आणि आताही बोलत नव्हती. फक्त ते खड्ड्याकडे वळले की त्यांची बाही धरून बाजूला ओढत होती. साहेबांनी जीप थांबवायला लावली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. ते रागावलेले नव्हते, दमलेले होते.

"आजी, जुनं रेशन कार्ड मार्चपर्यंत चालेल. पुढचं माझ्या हातात नाही. मार्चनंतर दुकानदारानं धान्य दिलं नाही तर काय कराल?"

आण्णा मागून आला होता, तो उत्तर द्यायला पुढं सरकला. संघप्रियाही तोंड उघडणार होती. शेवंताबाईनं दोघांनाही हातानंच मागं ढकललं.

"रांगेत उभं ऱ्हाऊ," ती म्हणाली. "समदं घर. नाव इचारा म्हणावं त्याला. सांगू की."